मुलीला आधी कम्युनिटी कॉलेजात घालावे काय? (कॅलिफोर्निया)

सह्यकडा

नमस्कार. आम्ही फ्रीमाँटला राहतो आणि थोरली मुलगी यंदा बारावीत आहे. तिला जीवशास्त्र घ्यायचे आहे. तिने यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा ठिकाणी अर्ज केले होते. त्यांपैकी मर्सेड आणि रिव्हरसाइड येथे प्रवेश मिळाला, डेव्हिसने प्रतीक्षायादीत टाकले आणि उरलेल्यांनी नकार कळवला. आम्ही रिव्हरसाइडची वसतिगृहे पाहायला निघणार होतो, इतक्यात तिनेच जेवताना जाहीर केले की ती दोन वर्षे घरी राहून ओलोनी या कम्युनिटी कॉलेजात शिकेल आणि मग ट्रान्सफर घेऊन डेव्हिसला जाईल. निर्णय १ मेच्या आत कळवायचा असल्यामुळे हा धागा काढतो आहे.

खरे सांगायचे तर मला पहिल्यांदा वाईटच वाटले. आमच्या पिढीने सीओईपी आणि व्हीजेटीआयच्या प्रवेशयाद्या भिंतीवर डोळे ताणून वाचल्या आहेत, त्यामुळे ज्या कॉलेजात कोणालाही प्रवेश मिळतो ते चांगले कसे असेल, ही शंका मनातून जात नाही. पुण्याला आईला फोनवर समजावताना मी 'इथे याला ज्युनिअर कॉलेजही म्हणतात' असे बोलून गेलो आणि घोटाळा झाला. तिने काळजीच्या सुरात विचारले, "अरे, पण अकरावी-बारावी तर झाली ना तिची?"

माझे प्रश्न असे आहेत. दोन वर्षांनी ट्रान्सफर मिळण्याची खात्री असते की ती नुसती जाहिरात आहे? पैसे खरोखर किती वाचतात? पदवीवर या दोन वर्षांचा शिक्का राहतो का? आणि आम्ही एच-१ या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर असल्यामुळे काही अडते का? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावे.

पैलतीर

मी इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजच्या समुपदेशन कार्यालयात बरीच वर्षे काम करते. हेच प्रश्न मला दर वसंतात, बहुधा काचेपलीकडे आई-वडील उभे आणि मुलगा किंवा मुलगी शेजारी फोनमध्ये मान घालून, अशा अवस्थेत विचारले जातात.

तुमच्या आईंचा गोंधळ मुळीच चुकीचा नाही. १९०१ साली इलिनॉयमधील जोलिएट येथे एका हायस्कुलाला जोडून, सहा विद्यार्थ्यांना घेऊन, पदवीची पहिली दोन वर्षे शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्यातून या देशातील पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज उभे राहिले. त्याचे नाव आजही जोलिएट ज्युनिअर कॉलेज असेच आहे. 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने १९४७ साली दिलेल्या अहवालानंतर सर्वत्र रुळला. आपल्याकडचे ज्युनिअर कॉलेज बारावीपाशी संपते आणि इथले बारावीनंतर सुरू होते, एवढे आईंना सांगा म्हणजे पुरे.

'कोणालाही प्रवेश मिळतो' हे खरे आहे आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले आहे. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला त्यात यूसीने वरच्या एक-अष्टमांशातील, कॅल स्टेटने (म्हणजे राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठ-समूहाने) वरच्या एक-तृतीयांशातील विद्यार्थी घ्यावेत आणि कम्युनिटी कॉलेजांनी दार सर्वांना उघडे ठेवावे, अशी वाटणी झाली. मात्र तिथून पुढे विद्यापीठात जाण्याची वाटही त्याच आराखड्यात आखून दिली. आज राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. प्रवेशासाठी परीक्षा नाही, सॅट नाही, निबंध नाहीत. गणित आणि इंग्रजीची पातळी ठरवणारी चाचणीही आता राहिलेली नाही, कारण २०१७ च्या कायद्यानंतर हायस्कुलातील गुणांवरूनच विद्यार्थ्याला थेट पदवीच्या पातळीवरील विषयात बसवले जाते.

पैशांचे गणित सोपे आहे. राज्यातील रहिवाशांना दर युनिटामागे (विषयाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर पडतात. ट्रान्सफरसाठी ६० सेमिस्टर युनिटे लागतात, म्हणजे दोन वर्षांचे मिळून २,७६० डॉलर झाले. डी अँझा आणि फूटहिल या कॉलेजांत सेमिस्टरऐवजी छोट्या सत्रांची क्वार्टर पद्धत असल्यामुळे तिथे युनिट ३१ डॉलरांचे आणि युनिटे ९०, पण बेरीज जवळपास तीच येते. पुस्तके, आरोग्यशुल्क, गाडी उभी करण्याचा पास हे वेगळे. यूसीत एका वर्षाचे शिक्षणशुल्कच १५ हजार डॉलरांच्या घरात जाते आणि राहण्या-जेवण्याचा खर्च तेवढाच किंवा त्याहून अधिक येतो.

आता खात्रीविषयी. यूसीच्या सहा शाखा, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातील विद्यार्थ्यांना 'टॅग' नावाची लेखी हमी देतात. ठरलेले विषय ठरलेल्या श्रेणीत पूर्ण केले तर प्रवेश निश्चित मिळतो. ही हमी एकाच शाखेची घेता येते, तिचा अर्ज सप्टेंबर महिन्यातच करावा लागतो, आणि नंतर यूसीचा नेहमीचा अर्ज भरावाच लागतो. डेव्हिससाठी किमान ३.२ जीपीए (श्रेणींची सरासरी, ४ पैकी) लागतो, काही विषयांसाठी त्याहून जास्त. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो अशी हमी देत नाहीत. कॅल स्टेटसाठी वेगळी व्यवस्था आहे: २०१० च्या कायद्याने सुरू झालेली ट्रान्सफरची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी घेतली की कॅल स्टेटमध्ये जागा नक्की असते, पण ती कोणत्या गावी, हे विद्यार्थ्याच्या हातात नसते.

पदवीच्या कागदावर फक्त विद्यापीठाचे नाव असते. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, मात्र पहिल्या दोन वर्षांचे कॉलेज दिसते.

आगाऊकाका

पैलतीर यांनी लिहिलेले सर्व खरे आहे, परंतु माहितीपत्रकात जे छापत नाहीत ते कोणीतरी लिहायला हवे, म्हणून मी लिहितो.

देशभराचा हिशेब पाहिला तर कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांशच पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात पोहोचतात, आणि पोहोचलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनाच सहा वर्षांच्या आत पदवी मिळते. म्हणजे शंभरातले सोळाच्या आसपास. आता या शंभरात नोकरी सांभाळून एक-दोन विषय घेणारे, मुलेबाळे असणारे, ट्रान्सफरचा मूळ विचारच नसलेले असे असंख्य लोक असतात, हे मला ठाऊक आहे आणि आमच्या मुलांची तुलना त्यांच्याशी करणे योग्य नाही, हेही मान्य. तरीही 'दोन अधिक दोन' हे गणित आपोआप जमते, हा समज घातक आहे.

माझा मुलगा 'दोन वर्षांत' जाणार होता आणि चार वर्षांनी गेला. तो आळशी नव्हता. पहिल्या सत्रात त्याला हवा तो विषय मिळाला नाही म्हणून त्याने मिळाला तो घेतला. दुसऱ्या सत्रात मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलले. तिसऱ्यात कौन्सेलर (समुपदेशक) बदलले आणि नव्या कौन्सेलरने सांगितले की आधी घेतलेल्यांतील तीन विषय त्या विद्यापीठाला नकोच आहेत. कॉलेजाचे नाव घेण्यात अर्थ नाही. एका कौन्सेलरकडे शेकडो मुले असतात, त्यामुळे तिथेही दोष कोणाला द्यावा हे कळत नाही. वाचलेली फी आणि गेलेली दोन वर्षे, यांतले महाग काय, ते ज्याने त्याने ठरवावे.

पैलतीर

काकांचा मुद्दा मी खोडणार नाही, उलट उशीर कसा होतो ते नीट उलगडून सांगते, कारण सह्यकडा यांच्या मुलीचे मेजर नेमके असे आहे की त्यात एक चूकही परवडत नाही.

जीवशास्त्राला ट्रान्सफर घ्यायची तर सहसा सामान्य रसायनशास्त्राचे वर्षभर आणि त्यानंतर सेंद्रिय रसायनशास्त्र लागते. हे विषय साखळीसारखे एकात एक अडकलेले आहेत: पहिला भाग पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्यात बसता येत नाही, दुसऱ्याशिवाय तिसऱ्यात नाही. सेमिस्टर पद्धतीत सामान्यचे दोन आणि सेंद्रियचे दोन असे धरले तर चारही सेमिस्टर भरून जातात आणि मध्ये श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. आता समजा, पहिल्या ऑगस्टमध्ये रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली नाही. मग साखळी एक सेमिस्टर मागे सरकते, विद्यापीठ मात्र बहुतेक विद्यार्थी फक्त पानगळीच्या (फॉल) सत्रात घेते, त्यामुळे एका सेमिस्टरच्या विलंबाचा प्रत्यक्षात एक वर्षाचा विलंब होतो. 'तीन वर्षे लागली' असे सांगणाऱ्या विज्ञानाच्या मुलांना खोदून विचारा, बहुतेकांची गाडी याच रुळावर थांबलेली आढळेल.

म्हणून पहिले सत्र सुरू होण्यापूर्वीच 'असिस्ट' या संकेतस्थळावर जाऊन, आपले कॉलेज एका बाजूला आणि हवे ते विद्यापीठ व मेजर दुसऱ्या बाजूला निवडून, कोणता विषय कशाच्या जागी चालतो याचा तक्ता छापून घ्यावा. डेव्हिसचा तक्ता आणि सँटा बार्बराचा तक्ता सारखे नसतात. दोन-तीन विद्यापीठे मनात असतील तर त्यांचे तक्ते शेजारी ठेवून सर्वांना चालतील असे विषय आधी उरकावेत. कौन्सेलरकडे हा कागद घेऊन गेलेली मुलगी वीस मिनिटांत काम करून परतते आणि रिकाम्या हाताने आलेल्या मुलीची वीस मिनिटे 'तुला काय आवडते' यातच जातात. हे मी टेबलाच्या अलीकडे बसून सांगते आहे.

आणखी एक बारकावा असा. यूसी आणि कॅल स्टेट दोन्हींना चालणाऱ्या सर्वसाधारण विषयांच्या यादीला २०२५ च्या पानगळीपासून 'कॅल-गेटसी' म्हणतात. जुन्या यादीचे नाव वेगळे होते, त्यामुळे मैत्रिणीच्या मोठ्या भावाने केलेला आराखडा जसाच्या तसा उचलू नये. विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ही यादी पुरी करण्याच्या नादात मेजरचे विषय मागे ठेवू नयेत. इतिहासाचा किंवा संवादकौशल्याचा विषय उन्हाळ्यातही उरकता येतो. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या बाबतीत तसे होत नाही.

निवडुंग

मी हा प्रवास नुकताच केला आहे, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहिते. मी ठाण्याहून आठवीत इथे आले. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे काढली आणि आता डेव्हिसला शेवटच्या वर्षात आहे.

नवीन विद्यार्थ्यांची नोंदणी सर्वांत शेवटी होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. माझी पाळी येईपर्यंत रसायनशास्त्राच्या सगळ्या तुकड्या भरल्या होत्या आणि मी एका तुकडीच्या प्रतीक्षायादीत सातवी होते. पहिल्या दिवशी मी तरीही गेले. प्रयोगशाळेत बाके तेवढीच मुले असतात, जास्तीचे कोणाला उभेही राहू देत नाहीत, म्हणून आम्ही नऊ जण दाराबाहेरच्या मार्गिकेत भिंतीला टेकून ओळीने उभे होतो. बाईंनी हजेरी घेतली, न आलेल्यांची नावे पेन्सिलने खोडली, मग बाहेर येऊन यादीतल्या क्रमाने नावे पुकारली आणि एकेकीच्या हातात नोंदणीचा आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी दिली. सातव्या नंबरला, म्हणजे मला, शेवटची चिठ्ठी मिळाली. माझ्यामागच्या मुलाने पहिला दिवस 'काय उपयोग' म्हणून चुकवला असता तर त्याचे काही बिघडले नसते, पण मी चुकवला असता तर माझे वर्ष गेले असते. म्हणून प्रतीक्षायादीत असलात तरी पहिल्या तासाला जाऊन उभे राहा.

दुसरी गोष्ट श्रेणीची. इथे एखाद्या विषयात सी मिळाला तर तो बदलून बी करण्यासाठी तोच विषय पुन्हा घेता येत नाही; डी, एफ किंवा विषय मध्येच सोडल्याचा डब्ल्यू असेल तरच पुन्हा बसता येते, तेही मोजक्या वेळा. हमीच्या प्रवेशाला जीपीए लागत असल्यामुळे हा नियम आधी माहीत असणे बरे. डब्ल्यू ट्रान्सक्रिप्टवर दिसतो पण जीपीएत धरत नाहीत, त्यामुळे विषय हातातून निसटतो आहे असे दिसले तर सोडण्याची शेवटची तारीख डोळ्यांसमोर ठेवावी.

शिकवण्याच्या दर्जाबद्दल लोक फार शंका घेतात. माझा अनुभव असा की तिथे शिक्षक शिकवायलाच आलेले असतात. तीस मुलांच्या वर्गात बाईंना माझे नाव ठाऊक होते. डेव्हिसला आल्यावर पहिल्याच व्याख्यानाला शेकडो मुले होती. कमी पडते ते वेगळेच. तिथे वसतिगृह नसते, तास संपला की मुले गाडीत बसून कामावर किंवा घरी जातात, त्यामुळे मैत्री जुळायला वेळ लागतो. पहिल्या सत्रात मी डबा बहुतेक गाडीत बसून खाल्ला. आणि डेव्हिसला पोहोचले तेव्हा माझ्या वयाच्या मुलांचे गट दोन वर्षांपूर्वीच पक्के झालेले होते. एखाद्या प्राध्यापकांच्या संशोधनात हात घालायला मिळावा म्हणून मला पहिल्या महिन्यापासून ईमेल लिहावे लागले. हे आधी कळले असते तर मी घाबरले नसते.

आगाऊकाका

निवडुंग, तुमचे मराठी आमच्या चिरंजीवांना वाचून दाखवतो.

शिक्षकांच्या बाबतीत मी माघार घेतो. जिल बायडन या पतीच्या उपाध्यक्षपदाच्या आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या काळातही व्हर्जिनियातील नोव्हा या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या, आणि विद्यार्थी तर काय, अॅपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअॅक डी अँझात आणि अभिनेता टॉम हँक्स हेवर्डच्या शॅबोत होता. पण अशी दोन-चार नावे घेऊन कोणी मुलांचा निर्णय करू नये, एवढे म्हणतो.

मोगरा

व्हिसाच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहिते. आमची परिस्थिती अगदी हीच होती.

एच-४ वर शिकता येते, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा घ्यावा लागत नाही. फीच्या दृष्टीने एच-१ आणि एच-४ धारकांना कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरता येते. वर्षभराहून अधिक काळ इथे राहत असल्याचे आणि इथेच राहण्याचा हेतू असल्याचे पुरावे, म्हणजे राज्याचा कर भरल्याची कागदपत्रे, वाहन परवाना, घराचा करार वगैरे द्यावे लागतात. आम्हाला खिडकीवर आधी 'परदेशी विद्यार्थी' या रकान्यात टाकले होते आणि कैक पटींनी जास्त फीचे बिल आले होते. रहिवासाचा वेगळा अर्ज भरल्यावर ते दुरुस्त झाले. पहिले बिल पाहून छातीत धस्स झाले तरी लगेच पैसे भरू नयेत, आधी रहिवासाची खिडकी गाठावी.

केंद्र सरकारची आर्थिक मदत, म्हणजे फाफ्सा हा अर्ज भरून मिळणारे पेल अनुदान, एच-४ च्या मुलांना मिळत नाही. त्यामुळे वाचणारी फी हीच आपली शिष्यवृत्ती समजायची.

खरा खड्डा पुढे आहे. २१ वर्षे पूर्ण झाली की एच-४ संपतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या आपल्या लोकांची मुले नेमकी ट्रान्सफरनंतरच्या वर्षात या वयाला पोहोचतात आणि त्यांना एफ-१ वर जावे लागते. एफ-१ वर फीसाठी राज्याचा रहिवासी ठरता येत नाही. थेट यूसीत गेलेल्या मुलालाही हे लागू आहेच, पण कम्युनिटी कॉलेजात दोनाची तीन वर्षे झाली तर महाग वर्षांपैकी जास्त वर्षे या बाजूला पडतात. तेव्हा मुलीची जन्मतारीख आणि सत्रांच्या तारखा एका कागदावर लिहून पाहा आणि वकिलाला एक तासाची फी देऊन विचारा. आम्ही ते उशिरा विचारले.

एडिसनकर

धागा कॅलिफोर्नियाचा असला तरी न्यू जर्सीकरांसाठी दोन ओळी. इथे कॉलेजे काउंटीची (जिल्ह्याची) असतात, त्यामुळे आपल्या काउंटीतील कॉलेजात फी कमी आणि शेजारच्या काउंटीत जास्त. वर्गातील वरच्या १५ टक्क्यांत येणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना 'एनजे स्टार्स' योजनेतून काउंटी कॉलेजाचे शिक्षणशुल्क माफ होते. राज्याच्या ट्रान्सफर करारामुळे काउंटी कॉलेजाची ए.ए. किंवा ए.एस. (असोसिएट) पदवी पूर्ण केली की तिची युनिटे राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांना एकत्रितपणे मान्य करावी लागतात. पदवी अर्धी टाकून गेलात तर विषयवार छाननी होते. कॅलिफोर्नियाची टॅगसारखी भानगड इथे नाही.

गोदाकाठ

मी नाशिकहून लिहितो आहे. माझ्या भाच्याची बारावी झाली. एका एजंटाने त्याला सुचवले आहे की आधी कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात एफ-१ वर जावे, दोन वर्षांत स्वस्तात शिकून मोठ्या विद्यापीठात शिरावे. फी ४६ डॉलर हे त्यानेही सांगितले. हे खरे आहे का?

पैलतीर

४६ डॉलर ही रहिवाशांची फी आहे, तुमच्या भाच्याला लागू नाही. परदेशी विद्यार्थ्याला दर युनिटाला त्याच्या कितीतरी पट भरावे लागतात आणि एफ-१ वर दर सत्रात किमान १२ युनिटे घ्यावीच लागतात. त्यातही ऑनलाइन विषय एकापेक्षा जास्त मोजत नाहीत. बहुतेक कॉलेजांना वसतिगृह नसल्यामुळे बे एरियातील भाडे, तेही अठराव्या वर्षी परक्या घरात खोली घेऊन, हिशेबात धरावे लागेल. तरीसुद्धा चार वर्षे विद्यापीठात काढण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडतो आणि पुष्कळ परदेशी विद्यार्थी तो घेतात, हे खरे.

मात्र असोसिएट पदवी घेऊन थांबण्याचा विचार नसावा. ती भारतातील पदवीच्या तोडीची नाही. तिच्यावर कामाची परवानगी मिळते ती एका वर्षाची, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना पुढची दोन वर्षांची जी वाढ मिळते त्यासाठी किमान बॅचलर पदवी लागते. तेव्हा भाचा येणार असेल तर चारही वर्षांचे पैसे कुठून येणार हे ठरवूनच यावे. एजंटाला लेखी विचारा: परदेशी विद्यार्थ्याची फी दर युनिटाला किती, आणि त्याला कॉलेजकडून कमिशन मिळते का?

निशिगंध

चर्चा सगळी अठरा वर्षांच्या मुलांची चालली आहे, पण या कॉलेजांत माझ्यासारख्या बायकाही बसतात, हे कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे विषयाला धरून, थोडे सोडून लिहिते.

मी मुंबईची बी.कॉम. इथे एच-४ वर सात वर्षे घरी होते. कामाची परवानगी आल्यावर कळले की बालवाडीत शिक्षिका होण्यासाठी राज्याच्या नियमाप्रमाणे बालशिक्षणाची १२ सेमिस्टर युनिटे लागतात; त्यांत बालविकास, मूल-कुटुंब-समाज, आणि अभ्यासक्रमाची आखणी हवीच. एकूण चार विषय. मी ते संध्याकाळच्या वर्गात, एका वर्षात केले. पहिल्याच विषयात एक गृहपाठ होता. कॉलेजाच्या बालवाडीत जाऊन एका मुलाकडे तासभर पाहायचे, बोलायचे नाही, मदत करायची नाही, फक्त पाच-पाच मिनिटांनी तो काय करतो ते लिहायचे. मी गुडघे हनुवटीला लागतील अशा एका चिमुकल्या खुर्चीत बसून, पाटीवर कागद लावून, वाळूत एकच बादली अकरा वेळा भरून ओतणाऱ्या मुलाची नोंद केली. मार्क चांगले पडले. माझ्या शेजारी निवृत्त झालेला एक बस ड्रायव्हर आणि एकोणीस वर्षांची मुलगी बसायची, आणि वय विचारायचे कोणाच्या मनातही येत नसे.

सह्यकडा, तुमच्या घरातूनही कोणाला अशी गरज असेल तर मुलीबरोबर त्यांचाही अर्ज भरून टाका.

सह्यकडा

सर्वांचे मनापासून आभार. धागा वाचून आम्ही तिघे शनिवारी ओलोनीला जाऊन आलो. टेकडीच्या उतारावरचे आवार आहे, खाली गाडी लावून वरच्या प्रयोगशाळेपर्यंत चढताना मला दोनदा थांबावे लागले. मुलगी पुढे निघून गेली होती. परतल्यावर तिने स्वतःच असिस्टवरून डेव्हिस आणि सँटा बार्बराचे तक्ते छापले आणि जुळणाऱ्या विषयांवर पिवळी खूण केली.

मोगराताईंच्या सांगण्यावरून जन्मतारीख आणि सत्रे मांडून पाहिली. ती २१ ची होईल तेव्हा, सर्व वेळेत झाले तर, चौथ्या वर्षाच्या मध्यावर असेल. एका वर्षाचा विलंब झाला तर खड्डा मोठा आहे. वकिलांची वेळ गुरुवारची घेतली आहे. ते काय सांगतात त्यावर रिव्हरसाइडचे उत्तर ठरेल, पण मुलीचा कौल झाला आहे आणि आता तो माझाही आहे, असे म्हणायला हरकत नाही.

शेवटचा प्रश्न. तिला एपी (हायस्कुलात घेतली जाणारी कॉलेज-पातळीची परीक्षा) कॅल्क्युलस बीसीत ५ पैकी ४ मिळाले आहेत. तरीही जीपीए चांगला व्हावा म्हणून पहिले कॅल्क्युलस पुन्हा घ्यावे, असे तिच्या वर्गातील मुले सांगतात. घ्यावे का?

पैलतीर

घेऊ नये. एकाच विषयाचे श्रेय यूसी दोनदा देत नाही, त्यामुळे एपीचे श्रेय आणि तोच विषय, यांतले एक वाया जाते. एपीचा निकाल ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून आधी ओलोनीला आणि पुढे ट्रान्सफरच्या वेळी पुन्हा विद्यापीठाला पाठवावा लागतो. कॉलेजाने दिलेले श्रेय विद्यापीठ स्वतः तपासते. डेव्हिसच्या जीवशास्त्राला पहिल्या कॅल्क्युलसच्या जागी एपी चालते का, ते त्या मेजरच्या पानावर पाहून ती थेट पुढच्या पायरीवर बसू शकते. गणितातून मोकळी झालेली पाच युनिटे तिने पहिल्या सत्रात रसायनशास्त्रासाठी ठेवावीत आणि एपीचा निकाल नोंदणीच्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी पोहोचेल असे पाहावे, नाहीतर संगणक तिला 'पूर्वअट पूर्ण नाही' असे सांगून अडवेल आणि त्या आठवड्यात आमच्या खिडकीसमोरची रांग गाड्यांच्या तळापर्यंत गेलेली असते.

निवडुंग

आणि रसायनशास्त्राच्या तुकडीत जागा मिळाली नाही तर पहिल्या दिवशी दहा मिनिटे आधी जाऊन दाराशी उभे राहायला सांगा. चष्मा आणि एप्रन बरोबर असू द्या, चिठ्ठी मिळाली की काही बाई त्याच तासाला प्रयोगाला बसवतात.